सवाईची करडी

बदनापूर तालुक्यात दुधनेजवळ आमचं काळ्या रानाचं शेत. त्याला लागून मोठीमायचं. ती आमच्या नात्यातली नव्हे, बांधाला बांध एवढाच संबंध. पण अख्खं गाव तिला याच नावानं हाक मारी. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. मी पुढे जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातला पहिला धडा तिचा होता.

ज्वारीत करडईचे पाटे धरायचा तो काळ. दसऱ्याच्या मागेपुढे पेरणी, मग विरळणी, आणि उपटलेली कोवळी रोपं भाजीला. विरळणीला मोठीमाय आम्हा पोरांना हाताशी घ्यायची. त्या वयातली करडई ओळखणं सोपं नाही. सुरुवातीचा महिनाभर ती उंच होतच नाही, जमिनीला धरून पानांचं चक्र मांडून बसते. शेजारी पाथरीही तशीच बसलेली. मोठीमाय दोन्हींची पानं आमच्यासमोर मोडायची. "दूध निघालं तर पाथरी. नाही निघालं अन् पानाची कड बोटाला खरखर लागली, तर करडी. दोन्ही खायच्याच हायेत, पण एका पातेल्यात नाही." बांधावरची उंटकटारी वेगळी कशी, तेही तिनंच दाखवलं: तिचा गोंडा चेंडूसारखा गोल, करडीचं बोंड बुडाशी फुगीर आणि वर केशरी झुबका.

फुलोऱ्यात एकदा तिनं नखानं बोंड उभं फोडलं. एकेक केसर ओढून काढलं, प्रत्येकाच्या मुळाशी बारीकसा पांढरा दाणा. "हे एक फूल न्हाई लेकरा, गाव हाय गाव." झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळ्या कुळाची खूण हीच, हे मला पुस्तकातून फार उशिरा कळलं. सूर्यफुलाला कडेनं पाकळ्यांसारखी दिसणारी फुलं तरी असतात. करडईत तीही नाहीत, सगळ्या नुसत्या नळ्या. वर्गात मी आधी करडईच फोडायला लावायचो. पोरं काट्यांवरून कुरकुरायची, ते चालायचंच.

व्यवहाराला मात्र मोठीमाय कडक. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या घरात पेरायला दाणा उरला नव्हता. आईनं तिच्याकडून दोन पायल्या करडई उसनी आणली. सुगीला परत करायला गेलो तर मोठीमायनं सवाईनं मोजून घेतली, अडीच पायल्या, वर पायलीचं तोंड हातानं सपाट करून. आईला ते लागलं. घरी येऊन दोन दिवस ती धुसफुसत होती. मला मोठीमायचं तेव्हाही पटलं होतं. तिनं ते बी फुकट दिलं असतं, तर आई पुन्हा तिच्या दारात गेली नसती. हिशेब फिटला म्हणूनच पुढे अडीनडीला जाता आलं. पाथरीच्या दुधाचा मात्र तिनं कधी हिशेब मांडला नाही, आणि तो कोणत्या मापानं फेडायचा हे मलाही उमगलेलं नाही.

ते पीक आता आमच्या शिवारात शोधावं लागतं. करडईचं सोटमूळ खोल जातं, जमिनीतल्या ओलीवर ती पाऊस नसतानाही तग धरते. तरी गेली. काढणी पहाटे, दव आहे तोवरच करायची; ऊन चढलं की काटे ताठ होतात. हातापायांना चिंध्या गुंडाळून वाकायला आता कुणी तयार नाही, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कपाशी आणि सोयाबीननं रान घेतलं, घाण्याच्या तेलाच्या जागी पाकिटातलं आलं.

निवृत्तीनंतर मी थोडी करडई पुन्हा धरली. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन रोपांत वीस. थंडीत आभाळ आलं की मावा पडतो. मोठीमाय चुलीची राख उधळायची, मी निंबोळी अर्क फवारतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची 'नारी-६' बिनकाट्याची आहे, चहासाठी पाकळ्या खुडायला सोयीची. मोठीमायला ती मुळीच पटली नसती. "मग जनावरं कोन अडवील?" असं तिनं विचारलं असतं, आणि तिचा मुद्दा खोडता येत नाही. म्हणून रस्त्याकडच्या ओळी मी काटेरी 'परभणी कुसुम'च्या ठेवतो आणि आत 'नारी-६'. बाहेरच्या ओळींना मजूर हात लावत नाही. त्या मीच काढतो, दवात.