खाड्यांच्या हिशेबाने : भडगावी धाडलेली किनाऱ्याची पत्रे

पत्र पहिले : अलिबाग

ती. वडीलधाऱ्या मंडळींस सा. न. वि. वि.

येत्या माघात घरची मंडळी आठवडाभरासाठी कोकण किनाऱ्यावर निघणार आहेत, त्यांच्यासाठी वाट आधी पाहून ठेवण्याच्या फेरीत ही पत्रे लिहिली जात असून, भडगावात बसून नकाशावर आखलेला मूळ बेत यांच्या आधारे दुरुस्त करावा, एवढाच त्यांचा हेतू आहे. त्या बेतात रेवस ते रेडी हा सागरी मार्ग, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकापर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता, सात दिवसांत पुरा करायचा असे ठरले होते. किलोमीटरांची बेरीज केली तर ते अशक्य वाटत नाही. परंतु चाळीसगाव, नाशिक आणि पनवेल या वाटेने अलिबाग गाठण्यातच चारशेहून अधिक किलोमीटर आणि पहिला पूर्ण दिवस खर्ची पडतो आणि परतीला याहूनही लांबचा पल्ला असल्याने दोन दिवस राखून ठेवावे लागतात. म्हणजे सातांपैकी समुद्राच्या वाट्याला चारच दिवस उरतात. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यामुळे कसारा घाट टाळता येतो, तरी या हिशेबात त्याने फार मोठा फरक पडत नाही.

किनाऱ्यावरचा दिवस घड्याळापेक्षा पंचांगावर अधिक चालतो, ही दुसरी दुरुस्ती. समुद्राला दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून चालू तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, तर ओहोटी नऊच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतील अंतर सर्वांत मोठे असते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास ते सर्वांत कमी होते, त्याला भांग म्हणतात. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. त्यासाठी उधाण नुकतेच सरत असलेली चतुर्थीची सकाळ सोयीची. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे मागे हटत नसल्यामुळे तेव्हा पायी जाण्याचा भरवसा धरू नये. जिन्याखालच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका या प्रवासात कोणत्याही नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडणार आहे.

पत्र दुसरे : दिवेआगर

सा. न. वि. वि.

अलिबाग ते मुरूड हा रस्ता रेवदंडा आणि काशीद या गावांवरून जातो आणि त्याबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी तो तुंबतो, एवढे ध्यानात ठेवून हा दिवस आठवड्याच्या मध्ये यावा असे पाहावे. जंजिरा पाहायचा असल्यास राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरण्याचा विचार नीट करावा, कारण लाटेवर हलणाऱ्या होडीतून पाय उचलून टाकण्याचा क्षण अवघड असतो.

खरा विषय सुरू होतो तो आगरदांड्याला. येथे रस्ता संपतो आणि समोर राजपुरीची खाडी पसरलेली दिसते. खाडी म्हणजे नदीचे मुख समुद्राच्या पाण्याने भरून आत खोलवर गेलेला भाग. गिरणा सह्याद्रीत उगम पावून तापीला मिळते आणि तापी खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्रात जाते, इतका लांब प्रवास खानदेशाच्या पाण्याला घडतो. उलट कोकणात सह्याद्री किनाऱ्याला इतका लगटून आहे, की सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्या थोडक्यात समुद्र गाठतात आणि त्यांची मुखे रुंद खाड्या होऊन किनारा जागोजाग तोडतात. सागरी मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे. ते होईपर्यंत गाडीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट, जिला या भागात जंगलजेट्टी म्हणतात, हाच रस्त्याचा पुढचा तुकडा मानावा लागतो. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरही महामार्ग असाच फेरीबोटींवर चढून पुढे जातो, तेव्हा यात मागासलेपण पाहण्याचे कारण नाही.

आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड असे हे चार उतार आहेत, आणि बेत त्यांच्याभोवतीच बांधायला हवा. दिवसात किती किलोमीटर, हा भडगाव-पाचोरा रस्त्यावरचा प्रश्न; येथे विचारायचे ते दिवसात किती खाड्या, आणि त्याचे उत्तर एक किंवा फार तर दोन असे ठेवावे.

पत्र तिसरे : दाभोळ

सा. न. वि. वि.

बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडली की मंडणगड तालुक्यातील वेळास लागते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात येथील पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर, अंडी घालतात आणि साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. गावकऱ्यांनी आणि सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही घरटी राखण्याचे काम उभे केले. फेब्रुवारीपासून सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात सोडली जातात, पण कोणत्या दिवशी किती निघतील हे कोणाच्याच हाती नसल्याने मुलांना आधीपासून आश्वासन देऊ नये. राहणे-जेवणे गावातील घरांतच असते, आणि जेवण सकाळीच सांगून ठेवावे लागते. बाजरीच्या भाकरीची सवय असलेल्यांना तांदळाची भाकरी पहिल्या दिवशी पोटात टिकत नाही अशी तक्रार होण्याचा संभव आहे, तेव्हा कळणाचे पीठ बरोबर घेण्यास हरकत नाही. मात्र ते थापणारे हातही घरचेच लागतील.

दाभोळच्या धक्क्यावर बोट कशी भरते, हे गाडी चालविणाऱ्याने आधी वाचून ठेवावे. बोटीचा पुढचा लोखंडी फळा सिमेंटच्या उतारावर टेकतो, खलाशी हाताच्या खुणेने आधी मोठ्या गाड्या मधोमध घेतो आणि उरलेल्या कोपऱ्यांत दुचाक्या कोंबतो. ओहोटीच्या वेळी उताराचा खालचा भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. तेथे जोराने ब्रेक न मारता पहिल्या गियरात सावकाश जावे, गाडी जागेवर आली की हातब्रेक ओढून इंजिन बंद करावे आणि वृद्धांना चढण्यापूर्वीच उतरवून पायी बोटीत न्यावे. ही बोट चुकली आणि शेवटचीही निघून गेली, तर गुहागरला दापोली, खेड आणि चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. ज्या वीज प्रकल्पामुळे दाभोळ हे नाव एकेकाळी घरोघर पोहोचले, तो दाभोळला नसून खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे.

दापोली तालुक्यात किनाऱ्यापासून आत पालगड आहे. साने गुरुजींचा जन्म 1899 मध्ये तेथे झाला, शिक्षक म्हणून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आले आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. खानदेशातून कोकणात जाणाऱ्याने हे गाव वगळणे बरे नव्हे. त्यासाठी हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव सोडावा लागला तरी चालेल, कारण घरातील निम्मी मंडळी माळकरी आहेत.

पत्र चौथे : मालगुंड

सा. न. वि. वि.

तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरले की गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंड लागते, आणि प्रवासाचे दक्षिण टोक येथेच मानावे अशी शिफारस या पत्रातून केली जात आहे. विजयदुर्ग, मालवण आणि सिंधुदुर्ग हे सारे पुढे राहते याची खंत वाटणारच. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. पण त्या यादीत बागलाणातील साल्हेरही आहे, आणि तो भडगावहून कोणत्याही रविवारी जमेल.

मालगुंड निवडण्याचे कारण निराळे आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवी केशवसुत, यांचा जन्म 1866 मध्ये या गावी झाला आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक येथे उभारले. मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करीत असता 1896 मध्ये तेथे प्लेग पसरला, आणि पुढे केशवसुत मुंबई सोडून खानदेशात शिक्षकाच्या नोकरीवर आले, ते भडगावला. तेथून ते फैजपूरच्या शाळेत गेले, नंतर धारवाडला, आणि 1905 मध्ये हुबळीस प्लेगनेच त्यांचा अंत झाला. आधुनिक मराठी कवितेला वळण देणारा हा माणूस, समुद्राच्या आवाजात वाढून, काही काळ गिरणेकाठच्या धुळीत मुलांना शिकवीत होता, ही गोष्ट भडगावात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. जांभ्या दगडाच्या, म्हणजे येथील लाल सच्छिद्र चिऱ्याच्या, जोत्यावरचे त्यांचे घर पाहताना घरातील शाळकरी मुलांना हे सांगणारे कोणी तरी बरोबर असावे, म्हणून ग्रंथालयातून त्यांच्या कवितांचे पुस्तक आधीच आणून ठेवावे.

तिथीबाबत निर्णय असा सुचविला जातो. माघ शुद्ध चतुर्थीला गणेशजयंतीमुळे गणपतीपुळ्यास प्रचंड गर्दी असते, फाल्गुनात शिमग्यासाठी कोकणातील घरे आपल्याच माणसांनी भरतात, आणि माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्रीमुळे वाटेवरच्या हरिहरेश्वरी जागा मिळणे कठीण. म्हणून माघ वद्य तृतीयेस पहाटे निघावे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ओहोटीत कुलाबा किल्ला होतो आणि दुपारी राजपुरीची खाडी ओलांडता येते. त्या दिवशी संकष्टी असल्यामुळे उपवास करणाऱ्यांसाठी दिवेआगरला चंद्रोदयानंतरचे जेवण सांगून ठेवावे लागेल. उकडीचे मोदक हवे असल्यास तेही त्याच फोनवर. परतताना रत्नागिरी, आंबा घाट, पुण्याचा मुक्काम, मग अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कन्नड आणि चाळीसगाव ही वाट धरावी, म्हणजे नवमीच्या रात्री गाडी अंगणात लागेल.