जर्मन गोटी

पुण्यात नव्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं आणि माझ्या खात्यात त्याच्या निम्मेही पैसे नव्हते. घरी मागायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण कराडला गेलो तेव्हा अण्णांनी माळ्यावरून बिस्किटांचा गंजलेला डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"यात जर्मन गोटी आहे. जुन्या गोट्यांना हजारो रुपये मिळतात म्हणे. बघ काही जमतंय का."

ती गोटी मला लहानपणापासून माहीत होती. पारदर्शक काच, आत निळ्या-पिवळ्या पाकळ्या. आम्हा भावंडांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. अण्णांनी सहावीत असताना एका मोठ्या मुलाला पंचवीस गोट्या देऊन ती घेतली होती.

रात्री मी मोबाइल घेऊन बसलो. गोट्या ओळखण्याचं एक अख्खं शास्त्र आहे, हे तेव्हा कळलं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, लाउशा नावाच्या गावात काचकारागीर रंगीत धाग्यांची काचेची कांडी ओढायचे. ती गरम असतानाच वाटीसारखं टोक असलेल्या खास कात्रीत फिरवून एकेक गोटी कापायचे. त्यामुळे हातानं केलेल्या गोटीला दोन टोकांना कापल्याची खूण राहते: खरखरीत, किंवा नंतर घासून सपाट केलेली. आतल्या रंगीत रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पिळ घेत जातात.

पुढे अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांनी काचेचे गोळे करणाऱ्या यंत्राचं पेटंट 1905 साली मिळवलं. पहिल्या महायुद्धात जर्मन माल यायचा थांबला आणि अमेरिकी कारखान्यांचं फावलं. यंत्रात तापलेल्या काचेचा गोळा खाचा असलेल्या रुळांवर गरगरत गोल होतो. तिथं कात्रीची खूण राहत नाही.

मी टॉर्च लावून जर्मन गोटी बोटांत फिरवली. एकदा, दोनदा, दहादा. नखानं चाचपली. दोन्ही टोकं गुळगुळीत. आतल्या पाकळ्या मांजराच्या डोळ्यासारख्या. त्या गोट्यांना नावही तेच आहे. 1950 च्या दशकात जपाननं अशा गोट्या अमेरिकेच्या बाजारात ओतल्या आणि नंतर त्या सगळीकडेच निघू लागल्या. हाताच्या नव्हत्याच, यंत्राच्या. किंमत जवळजवळ शून्य.

मग उरलेल्या साठ गोट्या चाळल्या. खरं सांगायचं तर आता हाव सुटली होती. एक फिकट हिरवी, आत काहीच नसलेली. ही सोड्याच्या बाटलीतली. हायरम कॉड या इंग्रजानं 1870 च्या दशकात काढलेली ती युक्ती: आतल्या वायूच्या दाबानं गोटी गळ्यातल्या रबरी कडीवर घट्ट बसते आणि बूच लागतं. बाटली फोडल्याशिवाय ती बाहेर येत नाही, म्हणजे कुणीतरी बाटली फोडली होती. बाकी बहुतेक आमच्या दुकानात बरणीतून मिळायच्या तशाच.

तळाशी सात मातीच्या होत्या. अंगणात सापडलेल्या खड्यांसारख्या, एकही धड गोल नाही. मातीच्या जुन्या गोट्यांत मिठाची झिलई दिलेल्या असतात, त्यांच्यावर भट्टीत एकमेकींना टेकल्याचे छोटे डाग दिसतात. यांच्यावर झिलईच नव्हती. साध्या मातीच्या गोट्या संग्राहकांच्या बाजारातही स्वस्तच. पण एकीवर अंगठ्याचा ठसा होता, भाजून पक्का झालेला.

सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. "अण्णा, ती जर्मन नाही."

"नीट बघितलीस का?"

मी टोकं दाखवली, टॉर्च मारला, कात्रीचं सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे त्यानं मला फसवलं."

"त्यालाही माहीत नसेल. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यालाही जर्मनचं पातेलंच म्हणतात की."

ते हसले नाहीत. त्यांच्याकडे मला द्यायला एक वस्तू होती आणि ती मी टॉर्च मारून काढून घेतली होती. काय बोलावं सुचेना म्हणून मी ठशाची गोटी पुढे केली. "ही कुणाची?"

"आईनं केलेली. विकतच्या गोट्यांना पैसे नव्हते. मी कृष्णेच्या काठची माती आणायचो, ती भाकरी झाल्यावर चुलीच्या निखाऱ्यात भाजायची. निम्म्या तडकायच्या."

आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली. तिचा एकच फोटो आहे, तोही लग्नातल्या गर्दीतला. मी माझा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. तिचा बराच लहान होता.

"ही घेऊन जाऊ?"

"ने. विकू नकोस मात्र."

"कोण घेणार आहे हिला?"

तेव्हा कुठे ते हसले. जर्मन गोटी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली, डब्यात परत ठेवली नाही. डिपॉझिटचं पुढे घरमालकाशी बोलून तीन हप्त्यांत जमवलं. अण्णांना त्याबद्दल सांगितलं, तर फोनवर पहिला प्रश्न आला, "आणि ती मातीची? नीट ठेवलीस ना? पाणी लागू देऊ नकोस तिला."