रेघेची उजवी बाजू

शनिवारवाड्याच्या आत आज उभं असं फार थोडं उरलं आहे. 1828च्या आगीत महाल गेले. राहिली ती तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती. इथे सोपा असेल, तिथे चौक, असं मनाशी जुळवत हिंडावं लागतं. हा वाडा पडद्यावर चालून पाहता यावा, म्हणून मी तो ‘डूम’ या 1993 सालच्या खेळाचा नकाशा म्हणून बांधायला घेतला. त्याचा सोर्स कोड 1997पासून खुला आहे, आणि साध्या संगणकावरही तो चालतो.

हवाई छायाचित्रावर इंकस्केपमध्ये आराखडा गिरवला. एसव्हीजी फाइलमध्ये प्रत्येक आकृती म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ: एम म्हणजे लेखणी इथे टेकव, एल म्हणजे तिथवर सरळ जा, सी म्हणजे वळण घेत जा, झेड म्हणजे निघालास तिथे परत ये. अक्षर लहान लिपीतलं असेल तर आकडे मागच्या बिंदूपासून मोजायचे. हे वाचणारा पायथन प्रोग्रॅम लवकर झाला. लेयरवर लावलेलं ट्रान्सफॉर्म मात्र आधी प्रत्येक बिंदूला लावून घ्यावं लागतं, नाहीतर अख्खा बुरूज भलतीकडे जातो.

डूमला वक्ररेषा चालत नाहीत, सगळ्या रेघा सरळच हव्यात. म्हणून वक्राचे मधोमध दोन तुकडे करायचे, त्यांचे पुन्हा दोन, आणि तुकडा जवळजवळ सरळ झाला की थांबायचं. किती जवळजवळ, हे आपण ठरवायचं. बुरुजांना ढोबळ तुकडे शोभतात. वाड्यातल्या हजारी कारंज्याच्या पाकळ्यांना ते शोभेनात. तिथे मी फार बारीक तुकडे ठेवले, आणि रेघांची संख्या वाढली तरी वाढू दिली.

खरं काम त्यानंतरचं. चित्रातली रेघ दिसली की तिचं काम झालं. डूममधल्या रेघेला दोन बाजू असतात: पहिल्या बिंदूवर उभं राहून दुसऱ्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला असते ती तिची पुढची बाजू. भिंतीच्या रेघेची ही बाजू खोलीतच उघडायला हवी, म्हणून खोलीची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला हवी. आकृतीचं क्षेत्रफळ धन येतं की ऋण, यावरून ती दिशा कळते. पण एसव्हीजीचा वाय अक्ष खाली वाढतो, डूमचा वर. अक्ष उलटला की दिशाही उलटते.

सोपा आणि चौक यांची सामाईक कड चित्रात दोनदा येते, एकदा सोप्याची म्हणून, एकदा चौकाची म्हणून. नकाशात ती एकच रेघ हवी, इकडे सोपा आणि तिकडे चौक हे दोन्ही सांगणारी. त्यासाठी अगदी जवळचे बिंदू एक करायचे, एखाद्या रेघेच्या मध्येच दुसरीचा कोपरा टेकला तर ती तिथे तोडायची, मग जोड्या लावायच्या. जोड न सापडलेल्या प्रत्येक रेघेशी मी थांबलो: ही भिंत, की उघडी बाजू? उत्तरासाठी पुन्हा वाड्यात जाऊन जोतं पाहावं लागे. आराखडा गिरवताना हा प्रश्न पडलाच नव्हता.

मीटरला 32 युनिट धरले. त्या मापाने 56 युनिट उंचीचा खेळाडू पावणेदोन मीटरचा होतो, रुंदीला एक मीटर. दिल्ली दरवाजाच्या दिंडीतून जाताना तो अडकू नये म्हणून ती मी रुंद केली. दारच बंद राहण्यापेक्षा ही तडजोड बरी.

उंची चित्रात नसतेच, डूमच्या प्रत्येक खोलीला मात्र जमीन आणि छत दोन्हींची उंची द्यावी लागते. मजले कल्पनेने चढवायचे नाहीत, हे मी ठरवलं. तसंही मूळ डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली ठेवता येत नाही. छताच्या जागी सगळीकडे आकाशाचं टेक्स्चर लावलं आणि जोत्यांची उंची तेवढी दिली. 24 युनिटांपर्यंतची पायरी खेळाडू आपसूक चढतो. जी जोती त्याहून उंच आहेत, त्यांच्या पायऱ्यांच्या रेघा काढणं सध्या चालू आहे.