गंजाची रुजुवात

रविवार. इंग्लंडातील आर्द्र हवा आणि हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेले मीठ वर्षानुवर्षे अंगावर घेतलेल्या माझ्या एम.जी.बी. जी.टी.च्या दारांखालील पोकळ पत्र्यांची आज जमिनीवर आडवे होऊन तपासणी केली. वरचा रंग शाबूत, आतला ऐवज मात्र गंजाने केव्हाच खालसा केलेला. १९६५ साली अवतरलेल्या या गाडीच्या छताच्या घडणीत पिनिनफारिना या इटालियन मोटार-रचना संस्थेचा हात होता, आणि श्रीमंती डौलाचा आभास मध्यम मिळकतीत घडविणे, हेच तिचे खरे वैभव.

मला रमवितात ते तिचे जुळे एस.यू. कार्ब्युरेटर. त्यांच्या माथ्यावरील नळीत थोडे पातळ तेल असते. ते आटले, की ॲक्सिलरेटर दाबताच उसळणाऱ्या दट्ट्याला आवर राहत नाही, हवेच्या मानाने पेट्रोल अपुरे पडते, आणि १७९८ घनसेंटिमीटरचे ते इंजिन ऐन वेग घेताना अडखळते. एवढ्या क्षुल्लक तेलापायी लोक प्रज्वलनाची सारी यंत्रणा उसकटून बसतात, याचे मला मोठे कौतुक वाटते!

तेल घातले, पुढच्या चाकांच्या किंगपिनांना ग्रीसही दिले. वेल्डिंगची तजवीज मात्र तूर्त तहकूब, कारण तो खर्च गाडीच्या खरेदीहून अधिक भरेल आणि त्यास गृहखात्याची मंजुरी अद्याप मिळावयाची आहे.