परळचं देणं

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या छातीवरची टाक्यांची रेघही त्यांच्या हातची नाही, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची आहे. तरी हे देणं मी त्यांच्याच नावावर मांडतो.

माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. वडील गिरणी कामगार. खाजगी इस्पितळातला खर्च ऐकून आई वाटेभर बोलली नाही. मुंबईत परळच्या केईएममध्ये मात्र केसपेपर निघाला, तारीख मिळाली, आणि पालिकेच्या त्या इस्पितळात माझं हृदय थांबवून, शिवून पुन्हा चालू केलं गेलं. हे परळला होऊ शकलं, कारण शरीर थंड करून असं भोक बुजवण्याचं काम सेनांनी तिथे 1950च्या दशकातच सुरू केलं होतं.

लोकांना ते आठवतात फेब्रुवारी 1968मधल्या हृदयरोपणासाठी. आधीच्या डिसेंबरात केपटाउनला बर्नार्ड, मग अमेरिकेत कांट्रोविट्झ आणि शमवे. हृदयरोपण करणारे जगातले चौथे सर्जन सेन. त्याआधी कुत्र्यांवर कितीतरी प्रयोग झाले होते. रुग्ण काही तासच जगला. फुप्फुसाकडच्या रक्तवाहिन्यांतल्या दाबापुढे नवं हृदय टिकलं नाही. सप्टेंबरातला दुसरा प्रयत्नही तासांतच संपला. रोपणासाठी धडधडतं हृदय काढून घ्यायचं तर मेंदूमृत्यू मानावा लागतो, आणि त्याला आपल्याकडे कायद्याची मान्यता मिळायला 1994 उजाडलं; त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांचं रोपण यशस्वी झालं. म्हणून सेनांना ‘अपयशी’ म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो. त्या दोन रुग्णांचंही माझ्याकडे देणं निघतंच.

मला जास्त आवडते ती सापाची गोष्ट. सापाच्या हृदयाचा स्नायू आतल्या कप्प्यातलंच रक्त शोषून घेतो. यावरून सेनांनी 1960च्या दशकात रक्त न पोचणाऱ्या हृदयाच्या स्नायूला सुईने टोचून आतून वाटा करून पाहिल्या. पुढे परदेशात हेच लेसरने झालं. (त्याचा उपयोग किती, यावर डॉक्टरांचं एकमत नाही.)

ही गोष्ट मला टाके काढणाऱ्या तरुण डॉक्टरांनी सांगितली, मी रडू नये म्हणून. “सेन सरांनी सापाकडून उपाय उचलला, माहितीये?” चिमट्याने दोरा वर ओढत ते म्हणाले. त्यातलं मला काय कळणार! सापाला हृदय असतं, एवढ्यावरच मी टाके निघेपर्यंत गप्प होतो. मग विचारलं, सापाच्या हृदयाला भोक पडलं तर तेही इथे शिवतात का?