वय झालं

आमच्या धारवाडच्या घरी आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दोन वर्षं बंद होता. सगळे म्हणायचे, "वय झालं त्याचं."

सुट्टीत मी तो उघडला. इतका जुना सेट एकदम मेनला जोडायचा नसतो. आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा दिवा लावायचा. दिवा भगभगीत पेटला तर आत शॉर्ट. आमचा मंदच राहिला. व्हॉल्व्ह तापले, पण स्पीकरमधून नुसतं घुंऽऽ. मी व्हॉल्व्हवर खापर फोडलं.

"व्हॉल्यूम शून्यावर ने," आजोबा म्हणाले. "घुरघुर राहिली का रे?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. घुरघुर तशीच होती. म्हणजे बिघाड पॉवर सप्लायमध्ये: फिल्टरचा कंडेन्सर सुकलेला. प्लग काढला तरी त्यात चार्ज उरतो, म्हणून रेझिस्टर लावून तो आधी रिकामा केला. मग हुबळीहून आणलेला नवा बसवला. ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड आकाशवाणी लागलं. हे केंद्र १९५० पासूनचं, जवळपास आजोबांच्याच वयाचं.

आवाज मोठा होता, तरी आजोबा स्पीकरला कान लावून बसले. ती परीक्षा नव्हतीच. रोझरीला ते मध्येच गप्प होतात, तेव्हाही आम्ही "वय झालं" म्हणूनच सोडून दिलं होतं.

सोमवारी त्यांचे कान तपासायला नेतोय.