एका अक्षराचा गुंता

आमची लेक दोन वर्षांची झाली तरी बोलेना. बसायला, चालायलाही उशीरच झाला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून जनुकीय तपासणी केली. अहवालात लिहिलं होतं, डीडीएक्स३एक्स या जनुकात एका अक्षराचा बदल. त्या रात्री मी इंटरनेट उघडलं आणि 'डेड-बॉक्स प्रथिन' हे शब्द वाचून छातीत धस्स झालं.

त्या नावाचा मरणाशी काही संबंध नाही, हे पहाटेपर्यंत वाचल्यावर कळलं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि प्रत्येक आम्लाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. या कुळात डी, ई, ए, डी अशी अक्षरं ओळीने येतात, म्हणून १९८९ साली हे नाव पडलं.

जनुकातली माहिती आरएनएच्या धाग्यावर उतरते आणि तो वाचून पेशी प्रथिनं तयार करते. पण हा धागा स्वतःवरच दुमडतो, त्याला गाठी बसतात. गाठीपाशी वाचन अडतं. या गाठी सोडवायला ही प्रथिनं लागतात.

ती कशी सोडवतात, ते मला संक्रांतीला आमच्या उज्जैनच्या गच्चीवर उमगलं. पतंगाच्या दोऱ्याचा गुंता झाला होता आणि मी टोक धरून ओढत होतो. आईने तो हातातून घेतला. मधेच एका जागी चिमटीत धरला, जरासा वाकवून सैल केला आणि सोडून दिला. मग दुसरी जागा. डेड-बॉक्स प्रथिनंही असंच करतात. एटीपी हे पेशीचं इंधन सोबत घेऊन ती आरएनएला धरतात, वाकवतात, तेवढीच गाठ सैल करतात. एटीपी तुटलं की पकड सुटते आणि प्रथिन पुढच्या कामाला मोकळं होतं.

लेकीच्या पेशींत या जनुकाच्या दोन प्रती आहेत, त्यांतली एक बिघडलेली. हा आजार २०१५ साली प्रथम नीट ओळखला गेला. बहुतेक मुलींमध्ये तो आईवडिलांकडून आलेला नसतो. नक्कल होताना एखादं अक्षर नव्याने चुकतं, इतकंच. आम्हा दोघांचीही तपासणी झाली. दोघांतही तो बदल नव्हता.

हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. अहवाल येण्याआधी आत्याने बायकोला विचारलं होतं, "तुझ्या माहेरी कुणाला असं होतं का गं?" मी तिथेच बसलो होतो. गप्प राहिलो. बिघाड कोणाच्या हातून झाला हे शोधणं माझं रोजचं काम. मनात तोच प्रश्न माझ्याही होता.

यंदा हळदीकुंकवाला आत्या आली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो, "आत्या, हे कुणाच्याच घराण्यातून आलेलं नाही." आत्याने मान हलवली आणि सुनेच्या हातावर तिळगूळ ठेवला. रात्री बायको म्हणाली, "हे तेव्हाच बोलायला हवं होतंस."

तिचं खरं आहे.

लेक आता चार वर्षांची आहे. वाचा-उपचार चालू आहेत, शब्द एकेक करून येतात. परवा रामघाटावर नावेकडे बोट दाखवून म्हणाली, "ना...व." मधे बराच वेळ गेला. आम्ही दोघं थांबलो होतो.